तलवारीची धार, तंबोऱ्याची जवारी

पेशवाई १८१८ साली बुडाली, एवढं आपल्या सगळ्यांना पाठ असतं. दुसरा बाजीराव बिठूरला गेला, त्याला वर्षाला आठ लाखांची पेन्शन ठरली, इंग्रजांनी एकेका सरदाराशी वेगळा करार केला, ज्यांनी वेळेवर जुळवून घेतलं त्यांच्या जहागिरी टिकल्या. राजाचं काय झालं, सरदाराचं काय झालं, सगळं लिहून ठेवलेलं आहे. पण मंडळी, सरदाराची फौज म्हणजे नुसते स्वार नव्हेत. खोगिरं शिवणारा जिनगर, नाल ठोकणारा नालबंद, तंबू शिवणारा, तोफेचं चाक बसवणारा सुतार, तलवारीला धार लावणारा शिकलगार, हे सगळे त्या फौजेच्या भाकरीवर जगत होते. त्यांना ना जहागीर होती, ना पेन्शन. फौजा मोडल्या आणि ही माणसं एका सकाळी बिनकामाची झाली. ती पुढं कुठं गेली?

सबंध महाराष्ट्राचं सांगत बसलो तर आयोजक माझ्यासमोरचा माईक काढून घेतील. म्हणून मी मुख्यतः एक गाव घेतो, मिरज, आणि त्या गावातली एकच जमात, शिकलगार. मधे थोडं पुण्याच्या तांबट आळीत जाऊन येऊ.

मिरज हे पटवर्धनांचं ठाणं. भुईकोट किल्ला, कृष्णाकाठ, कर्नाटकाकडं जाणारी वाट. हैदर आणि टिपूशी मराठ्यांच्या ज्या मोहिमा झाल्या, त्यात पटवर्धनांची फौज पुढं असायची. अशा गावात शिकलगाराला कामाचा तोटा नसणार हे उघड आहे. हा माणूस करायचा काय? पातं घडवायचा तो लोहार. घडलेल्या पात्याला तोंड आणायचा तो शिकलगार. त्याची सहाण कुरुंदाच्या भुकटीत लाख कालवून केलेली असे. एक जण पट्टा ओढून ते चाक फिरवायचा, दुसरा पातं टेकवायचा. टेकवण्यातच सगळं कौशल्य. जरा दाब वाढला की पातं तापतं, तापलं की पोलादाचं पाणी उतरतं, मग त्या तलवारीनं दुधीसुद्धा कापला जात नाही. शेवटचा हात कानशीचा आणि बारीक दगडाचा. उजेडासमोर पातं धरायचं, धारेवर कुठं चमक दिसते ते बघायचं, जिथं चमक तिथं धार बोथट. म्हणजे या माणसाचं काम धातूवरून केसाएवढा थर काढायचा आणि कुठं थांबायचं ते ओळखायचं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

१८१८ नंतर काम एकदम थांबलं असं नाही. ते आटत गेलं. १८२० च्या सुमाराला मिरजेच्या वाटण्या झाल्या, एकेका वाटणीची फौज म्हणजे दसऱ्याच्या मिरवणुकीपुरती. पुढं १८५७ झालं आणि सरकारला हत्यार या वस्तूचंच वावडं झालं. १८७८ चा हत्यारांचा कायदा आला तेव्हा परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं हाच गुन्हा ठरला. ज्या घरात तलवार होती तिथं ती आढ्याला गेली.

या मधल्या काळात, साधारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, मिरजेतले फरीदसाहेब शिकलगार तंतुवाद्यांकडं वळले. पुढच्या पिढ्यांनी आडनावच सतारमेकर लावलं. हे वळणं कसं झालं त्याच्या हकिकती मिरजेत सांगतात. गवयाचं वाद्य मोडलं, दुरुस्त करणारा जवळपास कुणी नाही, मग हाताचा कसबी माणूस म्हणून शिकलगाराकडं आणलं, असा त्यांचा सर्वसाधारण सूर. तपशिलात भर पडत गेली असेल, कुठल्या घराण्याच्या गोष्टीत पडत नाही? पण मूळ गोष्ट पटण्यासारखी आहे. दुरुस्तीतून निर्मितीकडं जाणं ही कारागिराची नेहमीची वाट. मोडलेली वस्तू उघडून बघायला मिळते, त्यासारखी शाळा नाही.

आता ते वाद्य बघू. मी तंबोऱ्यावरच बोलतो, सतारीचं सांगायला दुसरं व्याख्यान लागेल. तंबोरा म्हणजे पडदे नसलेलं, राग न वाजवणारं, गाणाऱ्याच्या पाठीमागं आधाराला धरलेलं वाद्य. चार तारा. पहिली पंचमाची, रागात पंचम नसेल तर मध्यमाला किंवा निषादाला लावलेली, मधल्या दोन जोडाच्या म्हणजे षड्जाच्या, चौथी खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची. जोडाच्या पोलादी, खर्जाची पितळी. पेटीच्या पट्ट्यांच्या भाषेत सांगायचं तर पुरुषी तंबोरा काळी एक-दोनच्या आसपास बोलतो, जनानी लहान असतो, तो काळी चार-पाचला.

याची सुरुवात मिरजेत होतच नाही. ती होते भीमेच्या काठी, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात. तिथं कडू भोपळा लावतात. भाजीचा नव्हे, हा तोंडात घातलात तर दिवसभर आठवण राहील. भोपळा वेलावरच पूर्ण पिकू द्यायचा, वेल वाळू द्यायचा, मग काढून कित्येक महिने उन्हावाऱ्यात सुकवायचा. पाठ कडक पाहिजे, अंग जाड पाहिजे, आणि आकार दोन्ही बाजूंनी सारखा पाहिजे. एका शेतात शंभर भोपळे निघाले तर तंबोऱ्याच्या लायकीचे मोजकेच. अवकाळी पाऊस आला, भोपळा जमिनीकडच्या बाजूनं डागला, की गेला. उजनीचं पाणी आल्यापासून त्या पट्ट्यात ऊस पसरला. उसाचा पैसा कारखान्याकडून ठरलेला येतो, भोपळ्याचा पैसा ढगांकडं बघून. तरी काही शेतकरी लावतात म्हणून आपल्याकडं गाणं ऐकू येतं. मैफलीत तंबोऱ्याच्या साथीला बसलेल्या शिष्याचं नाव निवेदक सांगतो. या शेतकऱ्याचं नाव सांगितलेलं मी अजून ऐकलेलं नाही.

मिरजेत आलेला भोपळा निवडून कापतात, पाण्यात भिजत घालतात, आतला वाळलेला गर आणि बिया खरवडून काढतात. भिजलेली पाठ थोडी नरम झालेली असते. तेवढ्यात आतून काठ्यांचे आडवेउभे टेकू देऊन तोंडाचा आकार पाहिजे तसा ताणून घेतात आणि तसाच परत वाळवतात. त्यावर गळा बसतो, गळ्यावर पोकळ दांडी, समोरून तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी पाटी. लाकूड तुणीच्या झाडाचं. वजनाला हलकं, वाळल्यावर फारसं न फिरणारं. सरसानं सांधे चिकटवायचे. तबली किती जाड ठेवायची ते मोजपट्टी सांगत नाही, बोटानं टकटक करून ठरतं. मग नक्षी, रंग, लाखेचं पॉलिश. शिकलगाराच्या सहाणेतली लाख इथं तंबोऱ्याच्या अंगावर आली, हे मला फार आवडतं.

एवढं झालं तरी तंबोरा मुका असतो. तारा चढवल्या, छेडल्या, तर आवाज येतो, पण तो झंकार नाही. झंकार येतो जवारीतून.

तबलीवर मध्यभागी एक घोडी बसवलेली असते, चार पायांच्या बुटक्या चौरंगासारखी. तारा तिच्यावरून जातात. व्हायोलिनची घोडी तुम्ही पाहिली असेल, तिचा माथा धारदार असतो, तार एका रेषेवर टेकते. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा चांगला रुंद असतो आणि वरवर बघता सपाट. तो सपाट नसतो. त्याला पुढून मागं अगदी मंद उतार दिलेला असतो, इतका मंद की डोळ्याला दिसत नाही. हा उतार म्हणजेच जवारी. तार हलली की त्या उतारावर घासते, सुटते, परत घासते. टेकायची जागा क्षणाक्षणाला पुढंमागं होते. या घासण्यामुळं तारेतून एकच स्वर न निघता त्याच्या पोटातले सगळे स्वर बाहेर पडतात. चांगल्या लागलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो ना? तो कुणी छेडलेला नसतो. चारी तारांत गंधाराची तार नाहीच. तो जवारीनं उघडलेला.

ही जवारी काढायची कशी? एका कारखान्यात बसून मी हे बघितलं आहे. उस्तादांनी तंबोरा मांडीवर आडवा घेतला, जोडाची तार छेडली, तोंड थोडं वाकडं केलं. तार सैल करून घोडीवरून बाजूला सारली आणि सपाट कानस माथ्यावरून तीन-चार वेळा फिरवली, एकाच दिशेनं, वजन न देता. घोडीच्या हाडाची पांढरी भुकटी पडली, चिमटीतसुद्धा येणार नाही एवढी. ती फुंकरीनं उडवली, तार परत चढवली, सुरात आणली, छेडली. माझ्या कानाला फरक काही कळला नाही. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा तार उतरवली. असं किती वेळा झालं त्याची मी मोजदाद केली नाही, चहा दोनदा आला. मग एकदा तार छेडली आणि खोलीतला आवाजच बदलला. समोर रस्त्यावर रिक्षा भुर्रकन गेली तरी तो आवाज तिच्या वर तरंगत होता. शेवटी तारेखाली कापसाच्या सुताचा एक धागा घातला आणि तो केसभर पुढं, केसभर मागं सरकवत तार घोडीवर नेमकी कुठं घासायची ते ठरवलं. एक तार झाली. अजून तीन बाकी.

एक कानस जास्त लागली तर? तार फरफर करायला लागते, आवाजाला अंग राहत नाही. काढलेलं हाड परत लावता येत नाही, मग सगळा माथा खाली घेऊन नव्यानं सुरुवात. शिकलगाराची गोष्ट इथं पुरी होते. धार लावतानाही थर केसाएवढाच काढायचा होता, तिथंही वेळेवर थांबायचं होतं. हात तोच, कानसही तीच. फक्त तेव्हा निकाल डोळा द्यायचा, आता कान द्यायला लागला.

यातली एक गंमत सांगतो. कलकत्त्यात चंद्रशेखर व्यंकट रामन प्राध्यापक होते तेव्हा त्यांनी आपल्या तंतुवाद्यांचा अभ्यास केला आणि १९२१ साली त्यावर लेख लिहिला. युरोपातल्या ध्वनिशास्त्रात तेव्हा एक नियम पक्का मानला जायचा: तार जिथं छेडाल, ती जागा ज्या उपस्वराचा, म्हणजे तारेच्या पोटातल्या ज्या स्वराचा, न हलणारा बिंदू असेल, तो उपस्वर आवाजात येता कामा नये. रामन यांना दिसलं की तंबोरा आणि वीणा हा नियम जुमानत नाहीत. जो स्वर यायला नको तो ठणठणीत ऐकू येतो. कारण ती रुंद, उताराची घोडी. मोठ्या शास्त्रज्ञाला जे मांडावंसं वाटलं ते मिरजेतल्या अशिक्षित म्हणवल्या गेलेल्या माणसांच्या बोटांना तोवर दोन पिढ्या ठाऊक होतं. बोटांना ठाऊक होतं, पण का होतं ते त्यांना माहीत नव्हतं, हेही तितकंच खरं. कारागिराला शास्त्रज्ञ ठरवायची आपल्याला अलीकडं फार हौस आली आहे. त्याची गरज नाही. दोन्ही ज्ञानं वेगळी आहेत आणि दोघांनी एकमेकांकडं शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

आता मुख्य मुद्द्याकडं येतो. हात होता, भोपळा होता, लाकूड होतं. एवढ्यावर धंदा उभा राहतो का? माझं मत असं आहे की राहत नाही. त्याला नाठाळ गिऱ्हाईक लागतं. इथं मिरजेचं नशीब बघा. पटवर्धन संस्थानिक गाण्याचे दर्दी. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत होते. त्यांच्याकडं शिकायला विष्णू दिगंबर पलुस्कर होते. लहानपणी फटाक्यानं डोळे गेलेला हा कुरुंदवाडचा मुलगा, मिरजेच्या बाळासाहेब पटवर्धनांनी त्याला आसरा देऊन बुवांच्या हाती सोपवला. १८९६ मध्ये ते मिरजेतून बाहेर पडले आणि १९०१ साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणं दरबारातून निघून शाळेत आलं. याचा कारागिराच्या दृष्टीनं अर्थ काय? दरबारात दोन तंबोरे लागतात. शाळेत खोली तिथं एक. संस्थानिकाच्या मर्जीवर चालणाऱ्या धंद्याला मध्यमवर्गाचं गिऱ्हाईक मिळायला लागलं, आणि संस्थानं विलीन झाली तेव्हा शिकलगाराला १८१८ दुसऱ्यांदा बघायची पाळी आली नाही.

मग आले अब्दुल करीम खाँ. किराणा घराण्याचा गवई, मिरजेत स्थायिक झाला. खाँसाहेबांचं गाणं सुराचं. एकेक स्वर लावून त्यावर रेंगाळायचं. अशा गाण्याला तंबोरा जरा जरी बेसूर असला तरी सगळं उघडं पडतं. तान जोरात घेतली की पुष्कळ काही झाकलं जातं, ठेहरावात काही झाकलं जात नाही. त्यात खाँसाहेब स्वतः वाद्यं दुरुस्त करण्यात तरबेज, जवारीसुद्धा स्वतः लावणारे. कल्पना करा, असं गिऱ्हाईक दुकानाच्या ओट्यावर येऊन बसलं आहे. त्याला थापा मारता येत नाहीत. कारागिरानं 'झालं' म्हटल्यावर तो 'नाही झालं' म्हणतो, आणि कुठं नाही झालं तेही दाखवतो. १९३७ साली पाँडिचेरीला जाताना वाटेत सिंगपेरुमल कोइल स्टेशनवर त्यांचा अंत झाला. दफन मिरजेला, ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याच्या आवारात. तिथं उरुसाला दरवर्षी गाण्याची मैफल भरते. मोठमोठे गवई हजेरी लावतात आणि येताना आपले तंबोरे घेऊन येतात, ते सतारमेकर गल्लीत दाखवायला. म्हणजे वर्षातून एकदा परीक्षकच दारात.

आता पुण्यात येऊ. कसब्यातली तांबट आळी. त्वष्टा कासारांची ही वस्ती, पेशवाईत कोकणातून आली. सरकारी कामही त्यांच्याकडं असे. राज्य गेल्यावर त्यांच्यावरही तीच पाळी आली, पण त्यांची सुटका निराळ्या वाटेनं झाली. त्यांना नवी वस्तू शोधावी लागली नाही. हंडे, घागरी, परात, पाणी तापवायचा बंब, हे सगळं घराघरात हवंच होतं. शहरं वाढली तशी मागणी वाढली. आणि इथं आपल्या एका लाडक्या समजुतीला धक्का बसतो. विलायती मालानं देशी कारागीर मारला, असं आपण सरसकट म्हणतो. विणकराच्या बाबतीत त्यात मोठं तथ्य आहे. तांबटाच्या बाबतीत उलटं झालं. विलायतेहून तांब्याचा तयार पत्रा आगबोटीनं मुंबईला, तिथून आगगाडीनं पुण्याला यायला लागला, तो स्वस्त पडायचा, आणि लगड ठोकून पत्रा करण्याचं मरणाचं काम वाचलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याचा तांब्यापितळेचा धंदा चांगला चालला होता. कच्चा माल परका, कसब इथलं.

ते कसब म्हणजे मठारकाम. तांब्याचं भांडं लोखंडी ठोकळ्यावर धरून चकचकीत तोंडाच्या हातोड्यानं ओळीनं ठोके द्यायचे. प्रत्येक ठोक्याची टिकली पहिलीला चिकटून पडली पाहिजे, ना वर चढता, ना मधे फट सोडता. बघणाऱ्याला वाटतं ही नक्षी आहे. नक्षी ती आहेच, पण ठोक्यानं तांबं टणक होतं आणि पातळ पत्र्याच्या घागरीला पोचा येत नाही. फार ठोकलं तर मात्र तडकतं, म्हणून मधेमधे भट्टीत लाल करून पाण्यात बुडवतात. पोलाद लाल करून पाण्यात बुडवलं की कडक होतं, तांबं नरम पडतं. मिरजेचा शिकलगार आणि पुण्याचा तांबट शेजारी बसवले असते तर दोघांनी एकमेकांना वेड्यात काढलं असतं.

तांबट आळीला विलायती पत्र्यानं जगवलं आणि पुढं ॲल्युमिनियम, मग स्टेनलेस स्टील आणि गिझर यांनी घेरलं. बंब गेला तो गेलाच. हल्ली तांब्याच्या दिव्यांचे डोम, शोभेची भांडी, पाण्याच्या बाटल्या असलं काम तिथं चालतं. वास्तुरचनाकार आणि डिझायनर मंडळी आळीत जायला लागली आहेत. बरं आहे. पण घागर घेणारी बाई टिचकी मारून आवाजावरून पत्र्याची जाडी ओळखायची, तिला फसवणं कठीण होतं. दिवा घेणारा फोटोवरून घेतो. त्या बाईच्या जागी कुणी आलेलं नाही, याची मला काळजी वाटते.

जुन्नरच्या कागदाला तेवढीही सवड मिळाली नाही. पेशवे दफ्तरात तुम्ही हात लावाल तो जुना कागद बऱ्याचदा जुन्नरच्या कागदी लोकांनी केलेला. सरकारी कचेऱ्या गिरणीच्या कागदाकडं वळल्या, वहीखात्यांनी थोडी वर्षं आधार दिला, आणि धंदा विझला. कागद करणाऱ्याला फाइल करणाऱ्या कारकुनाशिवाय दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं, आणि कारकून कशाला कागदाचा पोत बघतो?

मिरजेतल्या शिकलगारांचं कौतुक करताना बाकीच्या शिकलगारांना विसरून चालणार नाही. त्यांच्यापाशीही तोच हात होता. इतर गावांतले बरेचजण चाकू-सुऱ्या, विळ्या, कात्र्या यांना धार लावू लागले. सायकलच्या मागच्या चाकाला पट्टा लावून दगड फिरवणारा, 'धारवालेऽऽ' म्हणत गल्लीतून जाणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. मिरजेतल्यांची बोटं जास्त हुशार होती असं मानायला काही आधार नाही. त्यांच्या गावात गवई राहत होते, एवढाच फरक. कौशल्य वाया जाण्याचं प्रमाण आपल्या इतिहासात किती प्रचंड असेल याचा अंदाज यावरून करावा. ते दफ्तरात सापडत नाही, कारण जे झालंच नाही त्याची नोंद कोण करणार.

परंपरा हा शब्द मी आतापर्यंत टाळला, तो मुद्दाम. ज्याला आपण पारंपरिक मिरजी तंबोरा म्हणतो त्याच्यावर पांढरी नक्षी असते ना, ती पूर्वी हस्तिदंताची किंवा हाडाची असे, मग सेल्युलॉइडची झाली. सेल्युलॉइड म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं पहिलंवहिलं प्लॅस्टिक. पोलादी तार बहुतेक वेळा जर्मन. घोडी पूर्वी हस्तिदंताची, सांबरशिंगाची. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, तो पुढं कडक होत गेला, आणि आता उंटाचं हाड, आबनूस, फायबर. प्रत्येक बदलाच्या वेळी कुणीतरी म्हटलं असणार की आता पूर्वीचा आवाज राहिला नाही. जवारी लावणारा नवा माल हातात घेतो, दोनचार घोड्या फुकट घालवतो आणि त्याच्यातूनही आवाज काढतो.

मात्र १९७९ च्या सुमाराला बंगळुरूत इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार झाला आणि ही गोष्ट निराळी ठरली. आता तर तो फोनमध्ये फुकट मिळतो. सुरात लावायची कटकट नाही, खुंटी सरकत नाही, विमानात मोडत नाही. मीही सकाळी फिरताना तो कानात लावतो, उगाच सोवळं कशाला दाखवू? नुकसान तंबोरे कमी विकले गेले एवढंच नाही. पूर्वी शिष्य वर्षभर नुसता तंबोरा लावायला शिकायचा, तेव्हा त्याचा कान तयार व्हायचा. आज विशारद झालेली मुलं भेटतात, ज्यांनी खुंटीला हात लावलेला नाही. उद्या यांतलं कुणी मिरजेत गेलं तर ते जवारी चांगली की वाईट हे सांगू शकणार नाही. जे दिलं ते घेऊन येईल. मग कारागिरानं चौथ्यांदा तार का उतरवायची?

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंद आहे. दुसऱ्या गावच्या मालाला मिरजेचं नाव लावून विकण्याला त्यानं आळा बसेल, परदेशी गिऱ्हाईकाला खात्री वाटेल. पण मानांकन माल कुठला ते सांगतं. तो बोलतो कसा हे ओळखायला कान लागतो, आणि तो सरकारी दाखल्यावर मिळत नाही.

मघाशी चिठ्ठी आली आहे की तंबोरा घ्यायचा तर काय बघावं. हे सांगतो आणि थांबतो. पावसाळ्यात जाऊ नका, हवा दमट असते, लाकूड आणि सूत दोन्ही खरं बोलत नाहीत. दिवाळीनंतर जा. आधी आपली पट्टी ठरवून जा, तिथं जाऊन ठरवू म्हणू नका. भोपळा रंगाखाली सांधलेला आहे का ते हात फिरवून, टिचकी मारून बघा. सांधलेल्या भोपळ्याचा आवाज कुठंतरी बसतो. खुंटी फिरवून सोडा, मागं येते का बघा. नक्षीकडं शेवटी बघा, तिचे पैसे वेगळे लागतात आणि ती गात नाही. चारी तारा तुमच्या पट्टीत लावायला सांगा, मग एकच खर्ज छेडा आणि ऐकत बसा. गंधार आला का? आवाज लांबवर एकसारखा जातो, की मधेच खाली बसतो? शंका वाटली तर तसं म्हणा, भिडेला पडू नका. त्यांना राग येत नाही, उलट जरा सरसावून बसतात. आणि विकत घेतल्यावर वर्षा-दोन वर्षांनी तार घोडीवर चर पाडते, आवाज मंद होतो, तेव्हा तंबोरा बिघडला म्हणून कोपऱ्यात ठेवू नका. जवारी परत काढून घ्यावी लागते. प्रवासात नेताना तारा थोड्या उतरवा आणि भोपळ्याभोवती गोधडी गुंडाळा. मिरज स्टेशनवर हमालाच्या डोक्यावर मात्र देऊ नका, स्वतः धरा.